चाकांवरच्या घरातला थंडावा

मोटारीमागे जोडून ओढत न्यायच्या घराचा, म्हणजे प्रवासी ट्रेलरचा, इतिहास बहुधा त्याच्या बाह्यरूपावरून सांगितला जातो. घोड्यांनी ओढलेली लाकडी गाडी, मग कॅनव्हासचे छत, मग चकाकणारा ॲल्युमिनियमचा पत्रा असे त्याचे टप्पे पाडले जातात. ज्या कुटुंबांनी अशा घरात आठवडेच्या आठवडे काढले, त्यांना मात्र दूध, लोणी आणि मांस टिकवायचे कसे हा प्रश्न रोज सकाळी नव्याने पडत असे. त्या प्रश्नाच्या उत्तरांचा मागोवा घेतला म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की प्रवासी फ्रिजची रूपे थंडी निर्माण करण्याच्या शास्त्राने जितकी घडवली, त्याहून अधिक ती त्या त्या काळी रस्त्यावर हाताशी असलेल्या इंधनाने आणि विजेने घडवली. म्हणून फ्रिज कोणता घ्यावा आणि तो कशावर चालवावा हे दोन प्रश्न पहिल्यापासून एकमेकांपासून वेगळे करता आलेले नाहीत.

हौशी कॅरव्हॅन-प्रवासाचा आरंभ सामान्यतः १८८५ सालापासून मानतात. त्या वर्षी विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘द वाँडरर’ नावाची सुमारे दोन टनांची गाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून ती इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत नेली. घोड्याच्या चालीने जाणाऱ्याला गाव रोजच लागते, त्यामुळे साठवणीची निकड त्या काळी फारशी नव्हती. मोटार आल्यावर अंतरे वाढली. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे स्थापन झालेल्या ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ या संघटनेच्या सभासदांचा मोठा आधार डबाबंद अन्न हाच होता, आणि संघटनेच्या नावाशीही त्याचा संबंध जोडला जातो.

ताजे अन्न बरोबर ठेवायचे तर त्या पिढीपुढे बर्फाची पेटी एवढाच मार्ग होता. नैसर्गिक बर्फ दूरवर पाठवण्याचा व्यापार अमेरिकेत तोवर शंभर वर्षांहून जुना झालेला होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८०६ मध्ये मार्टिनिक बेटावर बर्फाचे पहिले जहाज धाडले, १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्यास रवाना केला, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातील निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत उतरला. पुढे मुंबईतही अमेरिकी बर्फासाठी खास बर्फघर उभे राहिले. या व्यापाराने एक धडा दिला होता आणि तो आजच्या प्रवासी फ्रिजलाही जसाच्या तसा लागू पडतो: थंडी निर्माण करण्याइतकेच तिला बाहेरच्या उष्णतेपासून जपणे महत्त्वाचे असते. ट्यूडरने लाकडाच्या भुशाने जे साधले, ते आज भिंतीतील फोमने साधले जाते.

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो आणि तरीही त्याचे तापमान वाढत नाही. अशा उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. १९३० च्या दशकातील ट्रेलरच्या पेटीत वीस किलोची लादी ठेवली की ती वितळून संपेपर्यंत साधारण ६,७०० किलोज्यूल उष्णता बाहेर नेली जाई. हे काम क्षुल्लक नव्हते, आणि त्याला तार, नळी किंवा ज्योत यांपैकी काहीच लागत नसे. गैरसोय निराळीच होती. वितळलेले पाणी तळाच्या भोकातून खाली रस्त्यावर सोडावे लागे, आणि प्रवासाचा मार्ग निसर्गरम्यतेपेक्षा पुढचे बर्फाचे दुकान कोठे आहे यावर ठरे. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये बाजारात आणलेला ‘क्लिपर’ हा त्या काळातील अत्यंत पुढारलेला ट्रेलर होता. त्यात विजेचे दिवे होते, स्वतःचा पाणीसाठा होता आणि हवा थंड करण्याची सोयही होती, पण ती सोयसुद्धा कोरड्या बर्फावर, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडवर, अवलंबून होती.

बर्फाच्या दुकानापासून प्रवाशाची सुटका ज्या शोधाने केली, तो प्रवासासाठी लागलेलाच नव्हता. माठातले पाणी पाझरून हवेत उडून जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. बाष्पीभवनाने थंडी निर्माण होते हे तत्त्व बहुतेक फ्रिजच्या मुळाशी आहे. फरक एवढाच की फ्रिजमध्ये उडून गेलेला पदार्थ पुन्हा पकडून द्रवरूप करावा लागतो. सामान्य फ्रिजमध्ये हे काम कंप्रेसर, म्हणजे वायू दाबणारा पंप, करतो. फर्डिनांड कारे या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये दुसरी वाट दाखवली: अमोनिया वायू पाण्यात मोठ्या प्रमाणावर विरघळतो आणि ते पाणी तापवले की पुन्हा बाहेर पडतो, तेव्हा पंपाऐवजी उष्णतेकडूनच बरेचसे काम करून घेता येते. या पद्धतीला शोषण पद्धत म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेकडून येणारा बर्फ बंद पडल्यावर दक्षिणेतील राज्यांनी नाकेबंदी चुकवून कारेची यंत्रे आणवली होती. तथापि ती यंत्रे कारखान्यात ठेवण्याजोगी अवजड होती, आणि द्रावण एका भागातून दुसऱ्या भागात ढकलण्यासाठी त्यांना पंप लागतच होता.

तो शेवटचा पंप १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढून टाकला. त्यांची युक्ती थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातील सौंदर्य तपशिलात आहे. त्यांनी बंद नळ्यांच्या चक्रात अमोनिया आणि पाणी यांच्या जोडीला हायड्रोजन भरला. चक्राच्या तळाशी एक छोटी ज्योत द्रावण तापवते. त्यातून सुटणारे अमोनियाचे बुडबुडे बारीक नळीतून वर जाताना, उकळत्या भांड्यातील वाफ झाकण उचलते तसे, पाण्याचे घोट आपल्याबरोबर वर उचलतात. वर पोहोचलेला अमोनिया पाण्यापासून वेगळा होतो, पंखांसारखे पत्रे लावलेल्या नळीत थंड होऊन द्रवरूप होतो आणि आपल्याच वजनाने कपाटाच्या आतील नळीत उतरतो. त्या नळीत हायड्रोजन आधीच असतो. एकूण दाब सर्वत्र सारखा असला तरी त्यातील मोठा वाटा येथे हायड्रोजनचा असल्याने अमोनियाचा वाटा एकदम घटतो, आणि दाब घटला की द्रव कमी तापमानालाच उडू लागतो. उडताना तो कपाटातील उष्णता ओढून घेतो. पुढे हे जड मिश्रण खाली घसरते, पाणी अमोनियाला पुन्हा पोटात घेते आणि हलका हायड्रोजन मोकळा होऊन वर परततो. साऱ्या यंत्रात हलणारा भाग एकही नाही. ज्योतीतून थंडी निर्माण होते हे ऐकताना विपरीत वाटते, पण त्या शांत नळ्यांमध्ये दिवसरात्र तेच घडत असते.

इलेक्ट्रोलक्स या स्वीडिश कंपनीने १९२५ मध्ये या शोधाचे हक्क घेतले आणि लवकरच अमेरिकेत सर्व्हेल कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. त्याच दशकात आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लेओ झिलार्ड यांनीही हलत्या भागांशिवाय चालणाऱ्या फ्रिजची एकस्वे, म्हणजे पेटंटे, घेतली होती. फ्रिजमधून गळालेल्या विषारी वायूने बर्लिनमधील एक कुटुंब दगावल्याची बातमी हे त्यामागचे निमित्त होते. त्यांचे यंत्र घरोघरी पोहोचले नाही, स्वीडिश यंत्र मात्र पोहोचले. सुरुवातीच्या कपाटांना थंड पाण्याच्या नळाची जोड लागे आणि तेवढ्यानेच ती प्रवासास निरुपयोगी ठरत. १९३० च्या दशकाच्या आरंभी केवळ हवेने थंड होणारी रचना साधली, तेव्हा नळाचे बंधन सुटले. १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती, त्यामुळे रॉकेलवर आणि गॅसवर चालणाऱ्या या कपाटांना खेड्यांत मोठी मागणी आली. पुढे आशिया-आफ्रिकेतील वीज नसलेल्या आरोग्यकेंद्रांत लस टिकवण्याचे कामही त्यांनी केले. वीज नसलेल्या शेतघरासाठी जे उपयोगी, ते वीज नसलेल्या ट्रेलरसाठी उपयोगी नसते तरच नवल.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रोपेन वायू सिलिंडरमधून सर्वत्र मिळू लागला, आणि ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बसवलेल्या सिलिंडरवर शेगडी, पाणी तापवण्याचे यंत्र व फ्रिज ही तिन्ही चालू लागली. एअरस्ट्रीमचा १९५७ चा ‘इंटरनॅशनल’ ट्रेलर बाहेरच्या जोडणीशिवाय राहता येण्याजोगा म्हणून गाजला, त्याला ही पार्श्वभूमी होती. लहान शोषण फ्रिजला दिवसाला साधारण ३०० ग्रॅम वायू पुरतो. भारतीय स्वयंपाकघरातील १४.२ किलोचा सिलिंडर त्या हिशेबाने दीड महिना चालेल. याच फ्रिजमध्ये ज्योतीच्या शेजारी विजेच्या कांड्या बसवून ‘तीन मार्गी’ फ्रिज तयार झाला: मुक्कामी असताना छावणीतील खांबावरची वीज, गाडी चालू असताना मोटारीची १२ व्होल्टची वीज आणि रानात वायू.

या व्यवस्थेला दोन अटी मात्र होत्या. पहिली अट जमिनीची. सारे चक्र गुरुत्वाकर्षणावर चालत असल्याने ट्रेलर कलता राहिला की द्रव नळीच्या एखाद्या वळणात अडून राहतो, तळाचे भांडे कोरडे तापते, आणि गंज रोखण्यासाठी द्रावणात घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे बनून नळी कायमची बुजते. म्हणूनच जुने ट्रेलरवाले मुक्कामी पोहोचताच, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, गवंड्याची पाणसळ फ्रिजच्या आतील फळीवर ठेवत. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत एका चाकाखाली फळ्या सरकवत आणि मगच ज्योत पेटवत. पाणसळ जमिनीवर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवण्याची ही रीत त्या घरात खरे महत्त्व कोणाला होते ते दाखवते. दुसरी अट विजेची. ज्योतीऐवजी १२ व्होल्टवर हा फ्रिज चालवला तर तो सुमारे १५० वॅट अखंड घेतो, म्हणजे १२ अँपिअरहून अधिक. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मी वीजच निर्धास्तपणे वापरावी असा दंडक असल्याने ती चार तासांतच संपते. इंजिन बंद करून दुपारचे जेवण लांबवणाऱ्या अनेकांना हे गणित संध्याकाळी, गाडी सुरू होईना तेव्हा, उमगले.

मग कंप्रेसरच का वापरला नाही, असा प्रश्न येथे उद्भवतो. घरगुती कंप्रेसरला खांबावरची प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी, लागते. बॅटरीच्या एकदिश विजेवर चालणाऱ्या जुन्या मोटारींमध्ये कार्बनचे ब्रश घासत असतात, आणि तेल व शीतक वायू भरलेल्या सीलबंद डब्यात घासून झिजणारी वस्तू चालत नाही. ही कोंडी दोन दिशांनी फुटली. जपानच्या सावाफुजी कंपनीने फिरणाऱ्या मोटारीऐवजी पुढे-मागे झुलणाऱ्या गुंडाळीने दट्ट्या चालवला. ‘एंगेल’ नावाने निघालेले हे फ्रिज ऑस्ट्रेलियाच्या खडबडीत अंतर्भागात विशेष रुजले. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने मोटारीतील ब्रश काढून त्यांचे काम इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे सोपवले. असा कंप्रेसर चालू असताना सुमारे ५० वॅट घेतो आणि दिवसातील निम्मा वेळ बंद राहतो; दिवसाचा खर्च ५० अँपिअर-तासांच्या आसपास येतो. जी बॅटरी शोषण फ्रिजला चार तास पुरत नव्हती, तीच या फ्रिजला पूर्ण दिवस पुरू लागली, आणि पाणसळीची गरज जवळजवळ संपली. बॅटरी फार उतरली की हे मंडल फ्रिज आपोआप बंद करते. मात्र तार बारीक आणि लांब असली तर वाटेतच व्होल्ट गळतात आणि भरलेली बॅटरीही रिकामी समजली जाते. अशा फ्रिजच्या कित्येक तक्रारींचे मूळ कपाटात नसून तारेत असते, ही गोष्ट खरेदीच्या वेळी क्वचितच सांगितली जाते.

तिसरी एक वाट दोन धातूंच्या सांध्यातून जाते. जाँ पेल्तिए या फ्रेंच घड्याळकाराने १८३४ मध्ये दाखवले की अशा सांध्यातून वीज वाहिली की एक बाजू थंड व दुसरी उष्ण होते. विसाव्या शतकाच्या मध्यास अर्धवाहक पदार्थांनी हा परिणाम वापरण्याजोगा केला. मोटारीत ठेवायच्या स्वस्त शीतपेट्या याच तत्त्वावर चालतात. त्या बाहेरच्या हवेपेक्षा साधारण वीस अंशच खाली जातात, त्यामुळे चाळीस अंशांच्या उन्हात दूध टिकवणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे ठरते. या तंत्राचा एक विचारपूर्वक प्रयोग महाराष्ट्रात झाला. गोदरेज कंपनीने २०१० च्या सुमारास विजेची शाश्वती नसलेल्या घरांसाठी ‘छोटुकूल’ ही १२ व्होल्टवरही चालणारी पेटी काढली आणि तिची चाचणी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात घेतली. तिचे झाकण वरच्या बाजूस होते, कारण थंड हवा जड असते आणि दार पुढून उघडले की ती पायाशी सांडते. ट्रेलरसाठी घेतल्या जाणाऱ्या चांगल्या सुट्या फ्रिजचे झाकणही याच कारणाने वर असते.

बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये सिलिकॉनचा सौर घट तयार झाला तेव्हा त्यावर पडलेल्या उन्हाचा जेमतेम सहा टक्के भाग विजेत उतरत होता. ती क्षमता वाढत आणि किंमत उतरत गेली, तशी ट्रेलरच्या छपरावर १०० वॅटचे दोन पत्रे टाकून कंप्रेसर फ्रिजचा दिवसाचा खर्च भागवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीने साठ्याचा बहुतेक सारा भाग वापरू दिला, आणि फ्रिजला सर्वाधिक काम पडते त्या कडक दुपारीच वीजही सर्वाधिक मिळते हा योग जुळून आला. गेल्या काही वर्षांत अनेक मालकांनी जुन्या ट्रेलरमधील शोषण फ्रिज काढून त्या जागी कंप्रेसर बसवला आहे. बाहेरच्या भिंतीत खाली एक जाळी आणि छपरावर एक झाकणाचे धुराडे, अशी ज्योतीच्या हवेसाठी ठेवलेली जुनी वाट त्या ट्रेलरना असते. आतून ती फोमने बुजवतात, वायूच्या नळीला टोपण घट्ट बसवतात, आणि बाहेरची जाळी तशीच राहू देतात.