दुधाची दाढ आणि भुलेची सुई

"दुधाचेच दात, पडणारच आहेत," हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते. पुढचे दात सहासात वर्षांच्या सुमारास पडतात हे खरे. पण दुधाची मागची दाढ दहाबारा वर्षांपर्यंत टिकायची असते. ती पाचव्या वर्षी किडली तर मुलाने पुढली पाचसहा वर्षे काय करावे? कामगारवस्तीत आयुष्य गेलेल्या आम्हांला याचे उत्तर ठाऊक आहे : लवंगेचे तेल, कापसाचा बोळा, आणि शेवटी चौघांनी हातपाय धरून दाढ उपटणे. आम्ही काही दंतवैद्य नव्हे; आमची शाळा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. पण कोणाची वेदना मोजली जाते आणि कोणाची नाही, हा आमच्या चळवळीचा जुनाच विषय. म्हणून ही हकीकत आम्ही कान देऊन वाचली, ती आपणांपुढे ठेवतो.

1844 च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने हास्यवायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला. परंतु या उपायात सारा माणूसच गुंगतो. एका दाढेसाठी सारे शरीर कशाला निजवावे?

जागेपुरती भूल सापडली ती व्हिएन्नात. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातील लोक कोकाची पाने पिढ्यान् पिढ्या चघळीत. त्यांतील कोकेन जर्मनीत 1860 च्या सुमारास वेगळे काढले गेले. ते जिभेला लावले की जीभ बधिर होते, हे अनेकांनी पाहिले होते. मग डोळा का होऊ नये, हे कार्ल कोलर या तरुण डॉक्टराला 1884 साली सुचले. त्याचा निबंध त्या सप्टेंबरात हायडेलबर्गच्या परिषदेत वाचला गेला, पण तो वाचला दुसऱ्याने. कोलरपाशी प्रवासखर्चाला पैसे नव्हते! शोध लावणाराला गाडीभाडे नसावे, याचे आम्हांला मुळीच नवल वाटले नाही.

लवकरच न्यूयॉर्कच्या हॉलस्टेड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून खालचे दात बधिर केले. प्रयोग त्यांनी स्वतःवर केले, आणि त्यापायी हॉलस्टेड व्यसनात सापडले. कोकेनने माणसे दगावलीही. असले औषध मुलाला कोण देणार? 1903 साली जर्मनीत ब्राउन यांनी त्यात अॅड्रिनॅलिन मिसळण्याची युक्ती काढली. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर राहते आणि थोडक्यात काम भागते. पाठोपाठ आइनहॉर्न यांचे नोव्होकेन आले. त्याचे व्यसन लागत नसे.

पुढची गोष्ट स्वीडनची. जवाच्या रोपातील एका द्रव्याचा अभ्यास चालू असता, त्यातून तयार झालेला पदार्थ एर्टमन या रसायनज्ञाने चाखला आणि त्याची जीभ बधिर झाली. तोच धागा धरून लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी 1943 साली लिग्नोकेन बनविले. लुंडक्विस्टने ते स्वतःला टोचून पाहिले. 1948 पासून ते 'झायलोकेन' नावाने बाजारात आले, आणि आजही दंतवैद्याच्या हाती बहुधा तेच असते.

आता मुलांचा मुद्दा. मूल म्हणजे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे. औषधाची मर्यादा दर किलो वजनाला 4.4 मिलिग्रॅम धरतात. 1.8 मिलिलिटरच्या कुपीत, औषध 2 टक्के असल्यास, 36 मिलिग्रॅम असते. पंधरा किलोच्या मुलाला 66 मिलिग्रॅम चालते, म्हणजे दोन कुप्याही पुऱ्या नाहीत. साठ किलोच्या माणसाला त्याच हिशेबाने सात चालतात. म्हणून आधी वजनकाटा, मग सुई. हाडही वेगळे. मुलाच्या वरच्या जबड्याचे हाड पातळ व सच्छिद्र, त्यामुळे मुळाजवळ टोचले तरी औषध झिरपते. खालच्या जबड्यात मज्जातंतू ज्या छिद्रातून शिरतो ते मुलात अधिक खाली असते. मोठ्याच्या मापाने टोचणाराचा नेम चुकतो, आणि मूल ओरडले की त्यालाच हट्टी ठरविले जाते.

सुईची भीती घालविण्याचेही तंत्र आहे. हिरडी कोरडी करून बधिर करणारे मलम मिनिट-दोन मिनिटे लावावे, मग औषध सावकाश सोडावे; एका मिलिलिटराला एक मिनिट हा वेग बरा. 'सुई' हा शब्दच न उच्चारता 'दाढेला झोपवू या' म्हणणारे दंतवैद्य आम्ही पाहिले आहेत. घाई हाच यातला शत्रू, आणि जेथे दारात पन्नास माणसांची रांग असते तेथे घाई कोण टाळणार? या प्रश्नाला औषधशास्त्रात उत्तर नाही. ते नगरपालिकेच्या आणि सरकारच्या अंदाजपत्रकात शोधावे लागेल.

मलमाविषयी एक सावधगिरी. दात येताना हिरडीला चोळण्याच्या काही जेलींत बेंझोकेन असते. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. म्हणून दोन वर्षांखालील मुलांना दात येताना ते वापरू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2018 साली दिला.

उपचारानंतर ओठ आणि गाल दोनतीन तास बधिरच राहतात. मुलाला त्याची गंमत वाटते, ते ओठ चावीत बसते, आणि संध्याकाळी सुजलेला ओठ पाहून आईबाप दंतवैद्याला बोल लावतात. तेव्हा भूल उतरेपर्यंत त्याला खायला देऊ नये, आणि कोणीतरी शेजारी बसून त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे.