ओपन, क्लोज आणि रंगीत पट्ट्या

परवा साकरी स्टँडजवळ चहा पिताना ओळखीतल्या एका पोराने मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर हिरव्या, लाल, निळ्या पट्ट्यांची रांग. रंगांचा कोड त्याने स्वतः लिहिलाय. म्हणाला, "दादा, हिरवं व्हयनं की लेवानं, लाल व्हयनं की इकी टाकानं." बापाने कांद्याच्या पैशातून दिलेले काही हजार त्यात लावलेत. घरी आलो तरी त्या पट्ट्या डोळ्यांसमोरून हटेनात, म्हणून हे लिहितोय.

पट्टी म्हणजे काय, ते आपल्याला नवं नाही. पिंपळनेरच्या बाजारात कांद्याचा लिलाव झाला की फळ्यावर कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी भाव लागतो. चार्टवरच्या बारची दोन टोकं म्हणजे हेच कमीत कमी आणि जास्तीत जास्त. त्यात सौदा सुरू झाला तो भाव आणि बंद झाला तो भाव जोडला की झाला बार तयार. ओपन आणि क्लोज.

हे दोन शब्द खानदेशात कोणाला शिकवावे लागत नाहीत! मटक्याचा उगमच कापसाच्या भावात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे दर तारेने मुंबईला यायचे आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ते दर येणं थांबलं. मग कल्याणजी भगत, रतन खत्री यांच्या काळात मडक्यातल्या चिठ्ठ्या आणि पत्त्यांवर तोच खेळ सुरू राहिला. कापूस गेला, ओपन-क्लोज राहिलं.

रंगांची गोष्ट जपानची. ओसाकातल्या दोजिमा इथल्या तांदूळ बाजाराला 1730 साली तिथल्या सत्तेची मान्यता मिळाली. पुढे साकाता गावचा तांदळाचा व्यापारी होन्मा मुनेहिसा (1724-1803) भावांच्या अभ्यासासाठी गाजला. कँडलचं श्रेय त्यालाच देतात, पण ही पद्धत बहुधा त्याच्यानंतरची. हाताने काढताना वाढलेल्या दिवसाचं पोट रिकामं ठेवायचे, पडलेल्या दिवसाचं काळं भरायचे. स्टीव्ह निसन या अमेरिकन माणसाने 1991 साली पुस्तक लिहिलं आणि कँडल जगभर पसरली. गंमत म्हणजे जपान-चीनमध्ये आजही तेजीचा रंग लाल. आपला हिरवा तिकडे मंदी! म्हणजे रंगात स्वतःचं काही नाही, आपण ठरवू ते.

कोडही तेवढाच साधा. पाइन स्क्रिप्टमध्ये एकच ओळ: क्लोज ओपनपेक्षा वर असेल तर हिरवा, नाहीतर लाल. पण क्लोज कधी कळतो? वेळ संपल्यावर. पंधरा मिनिटांचा बार चौदाव्या मिनिटाला हिरवा असतो आणि शेवटच्या मिनिटात लाल होऊ शकतो. मागचा चार्ट बघताना ही उलथापालथ दिसत नाही, सगळे रंग अगदी बरोबर दिसतात. पोरं फसतात ती इथे.

त्या पोराचा निळा रंग अलेक्झांडर एल्डर यांच्या इम्पल्स पद्धतीतला. एल्डर मूळचे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांचा लाल बार 'विका' म्हणत नाही, 'आता घेऊ नका' म्हणतो. हिरवा बार मंदीचा सौदा करायला मनाई करतो, आणि निळ्यात दोन्हीची मुभा. मनाईची खूण होती, तिची आपल्याकडे ऑर्डर झाली.

सेबीचा सप्टेंबर 2024चा अहवाल जरूर वाचा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी 93 टक्के तोट्यात. सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. शेवटच्या वर्षात यातले 72 टक्क्यांहून जास्त लोक मोठ्या तीस शहरांबाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले. तिशीच्या आतली पोरं 43 टक्के.

कोड लिहिणाऱ्याच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. ती लाइन त्याने यूट्यूब बघून एका रात्रीत लिहिली, मला महिनाभर जमली नसती. मी त्याला एवढंच सांगितलं, रोज रात्री वहीत लिही: बार सुरू असताना रंग कोणता होता आणि बंद झाल्यावर कोणता राहिला. काल वही दाखवायला आला. पहिल्याच पानावर नऊ ठिकाणी खाडाखोड होती.