‘देवानांप्रिय’ : सम्राटाची उपाधी, मूर्खाचे नाव

संस्कृत कोशांत ‘देवानांप्रिय’ या शब्दाचा एक अर्थ ‘मूर्ख’ असा दिलेला आढळतो. शब्दशः अर्थ मात्र ‘देवांचा लाडका’. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने हीच उपाधी शिळांवर कोरविली. सम्राटाचे बिरुद मूर्खाचे नाव कसे झाले, हे आम्ही येथे तपासू इच्छितो.

ही उपाधी एकट्या अशोकाची नव्हती. सिंहलद्वीपाचा राजा तिस्स हाही ती धारण करी. त्यामुळे केवळ उपाधीवरून लेखांचा कर्ता ठरविणे अवघड गेले. १९१५ साली तेव्हाच्या निजामी मुलखातील, आजच्या रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे सापडलेल्या लेखात उपाधीसोबत ‘अशोक’ हे नावही आढळले. पुढे दतिया जिल्ह्यातील गुजर्रा येथेही ते मिळाले.

आता व्याकरणाकडे वळू. समासात पहिल्या पदाची विभक्ती सहसा लोप पावते. निंदा अभिप्रेत असेल तर षष्ठी टिकते, असा पाणिनीचा नियम आहे. षष्ठी टिकलेले ‘देवानांप्रिय’ हे रूप वार्तिककार कात्यायनाने याच नियमाखाली नोंदविले. ‘मूर्ख’ हा अर्थ मात्र तेथे नाही. उलट पतंजलीने हा शब्द ‘दीर्घायु’, ‘आयुष्मान’ अशा आदरवाचकांच्या पंक्तीत बसविला. सातव्या शतकात बाणभट्टही तो आदरानेच वापरतो. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात मात्र प्रतिपक्षाला उद्देशून तो उपरोधाने येतो. अखेर सतराव्या शतकाच्या सुमारास भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त त्याच वार्तिकाला ‘मूर्ख या अर्थी’ अशी पुस्ती जोडली गेली. मूर्ख हे देवांचे पशू, म्हणून देवांना प्रिय, असे समर्थनही टीकाकारांनी शोधले.

बौद्ध राजाविषयीच्या द्वेषातून हा अर्थ आला, असे अनेकदा सांगितले जाते. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. अशोकानंतर सुमारे ९०० वर्षे शब्दाचा मान टिकून होता. त्याच्या अधोगतीस उपरोध पुरेसा आहे. ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ असे म्हणताना आपण मराठीत हेच करतो. ‘दीडशहाणा’ तर शहाणा उरतच नाही. मात्र पंथीय वादाने अशा उपरोधाला धार चढते, हेही खरे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे कोणताही आदरणीय पंथ. त्याच शब्दाचा आजचा ‘पाखंड’ ही शिवी आहे.

शब्दाचा मान अशोकाच्या शिळांवर कोरलेला होता. परंतु त्यांची ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत. ग्रंथांतील उपरोध मात्र पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला आणि कोशात तोच अर्थ स्थिरावला. सीमेवर राहून मराठी जपणाऱ्यांनी यातून एवढे ध्यानी घ्यावे : शब्द दगडात कोरला म्हणून टिकत नाही, तो मानाने वाचणारा आणि बोलणारा माणूस मागे राहावा लागतो.