स्नायुसंस्था : बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या संदर्भात

शरीराची हालचाल घडवणारी, शरीर तोलून धरणारी आणि अंगात ऊब निर्माण करणारी संस्था म्हणजे स्नायुसंस्था. माणसाच्या शरीरात सहाशेहून अधिक ऐच्छिक स्नायू असतात आणि प्रौढांच्या वजनाचा साधारण ३० ते ४० टक्के भाग त्यांचाच असतो. याखेरीज जठर, आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात, तर हृदयाचा स्नायू या दोहोंपेक्षा वेगळा. ज्यांचे पोट केवळ स्नायूंच्या बळावर चालते अशी माणसे महाराष्ट्रात बीड जिल्ह्याइतकी क्वचितच कुठे एकवटली असतील. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि चार-सहा महिन्यांनी परततात.

स्नायू फक्त आखडू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून सांध्याभोवती स्नायू जोडीने काम करतात : एक आखडला की दुसरा सैल पडतो. स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीला कंडरा म्हणतात. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. मेंदूकडून आलेला संदेश चेतातंतूच्या टोकाशी पोचला की तिथे अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सुटते, स्नायुतंतूच्या आत कॅल्शियम मोकळे होते आणि मायोसिनचे धागे अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना आत ओढू लागतात. धाग्यांची लांबी तीच राहते, ते फक्त एकमेकांत सरकतात. हा सिद्धांत १९५४ साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन आणि अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडला. या ओढाताणीचे इंधन म्हणजे एटीपी. धागे सुटायलाही एटीपीच लागते. मृत्यूनंतर ते संपते, म्हणून प्रेत ताठरते. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामी येतो, बाकीची उष्णता होते आणि घामावाटे बाहेर टाकावी लागते.

स्नायुतंतू मुख्यतः दोन प्रकारचे : लवकर न दमणारे संथ तंतू आणि क्षणात जोर लावणारे जलद तंतू. प्रत्येक स्नायूत दोन्ही कमी-अधिक असतात. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे धावपटू अविनाश साबळे यांनी ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पूर्ण केली, ती संथ तंतूंच्या बळावर; पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या कुस्तीत जलद तंतूंचा वाटा मोठा. ऊसतोडीला दोन्ही लागतात आणि खेळाडूला मिळणारी विश्रांती, आहार, मालिश यांतले काहीच तिथे नसते.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर सर्वांत जास्त. डाव्या मुठीत ऊस, उजव्या हातात कोयता आणि कंबर सतत वाकलेली. अर्धवट वाकलेल्या स्थितीत पाठीच्या कण्यालगतचे स्नायू हालचाल न करता ताणून उभे असतात. ताणलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो आणि थकवा लवकर येतो. माणूस पूर्ण वाकला तर हे स्नायू जवळजवळ शांत होतात, पण मग सगळा भार अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो. दोन्हींकडून कंबरच धरते. तोडणीनंतर वाढे म्हणजे उसाचे शेंडे बांधणे, मोळ्या बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे. कारखान्याची गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. मजुरी टनावर, उचल म्हणजे आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, आणि आजारपणात खाडा पडला तर पैसे कापले जातात.

हंगामाच्या पहिल्या दिवसांत अंग ठणकते ते तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे. वेदना एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते. लॅक्टिक आम्ल साचल्याने हे होते, ही समजूत चुकीची आहे. ते तासाभरात निवळते. चिरा बुजवायला स्नायूंतील राखीव पेशी, प्रथिने आणि झोप लागते. ती मिळाली तर स्नायू पहिल्याहून बळकट होतो, न मिळाल्यास दुखापतीवर दुखापत साचत जाते. नुकसान कष्टाने होते त्याहून अधिक विसाव्याच्या अभावाने होते, आणि ऊसतोडीचा करार नेमका विसावाच हिरावून घेतो.

उसण भरणे म्हणजे पाठीचा किंवा मानेचा स्नायू अचानक आखडून तसाच राहणे. शेक द्यावा, जड उचलू नये, पण अंथरुणाला खिळून राहू नये. हळूहळू हालचाल केल्याने ती लवकर सुटते. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल तर दुखणे स्नायूचे नसून दबलेल्या नसेचे असू शकते. पोटऱ्यांत गोळे येतात ते थकव्याने, कधी घामावाटे पाणी व मीठ गेल्याने. सततच्या कोयत्याने कोपराजवळची कंडरा दुखते, बोटे अडकतात. उन्हात अति श्रम झाल्यास तंतू फुटून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि लघवी चहासारखी गडद होते. हे मूत्रपिंडे निकामी करू शकते. अशा वेळी पाणी न पिता वेदनाशामक गोळ्या घेणे घातक. फडात अंगदुखीवर त्याच गोळ्या सर्रास घेतल्या जातात, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे.

काही विकारांचे मूळ स्नायूबाहेर असते. कोयत्याच्या जखमेतून मातीतील जंतू शिरले तर धनुर्वात होतो : चेतासंस्थेचा लगाम सुटतो, दातखीळ बसते, पाठ कमानीसारखी ताठते. लस घेतल्यास तो टळतो. कोप्यांत म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावते तेव्हा दंश पुष्कळदा कळतही नाही. तिचे विष चेतातंतू आणि स्नायू यांच्यातील संदेश तोडते. आधी पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिविष आणि कृत्रिम श्वास वेळेत मिळणे एवढाच उपाय. खुद्द स्नायूंच्या जनुकीय विकारांत दुशेन स्नायुक्षय प्रमुख. तो मुख्यतः मुलग्यांना होतो; पोटऱ्या फुगलेल्या दिसतात आणि मूल मांड्यांवर हात टेकत उठते. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात स्नायुक्षयाचा समावेश आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहिले ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ते खालून झोळीसारखे तोलून धरतात. बाळंतपणात ते ताणले जातात आणि पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. ओली बाळंतीण फडात उतरून मोळी उचलू लागली की पोटातला दाब नेमका त्यांच्यावर येतो. लघवी रोखता येत नाही, कंबर तुटते, काहींचे अंग बाहेर येते. फडात ना संडास, ना आडोसा, म्हणून बाया पाणीही कमी पितात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. बहुतेकींच्या तक्रारी अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोट व कंबर दुखणे अशा होत्या. कर्करोगाची भीतीही घालण्यात आली. गर्भाशय काढल्याने कंबरेचे किंवा तळाचे स्नायू बळकट होत नाहीत, उलट आधार कमकुवत असल्यास पुढे इतर अवयव खाली सरकू शकतात. तळाचे स्नायू आवळून-सोडून करायचा साधा व्यायाम सुरुवातीच्या अवस्थेत चांगला गुण देतो. त्यासाठी बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे जड न उचलण्याची मुभा हवी, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाशी झालेल्या जोडीच्या करारात ती नसते.