ऊस : प्रकाशसंश्लेषण, श्वसन व विकरे

कोल्हापूर जिल्ह्यात हिरण्यकेशी नदीकाठच्या गडहिंग्लज परिसरातील महत्त्वाचे नगदी पीक. उसाच्या पानात पीईपी कार्बॉक्सिलेज हे विकर कार्बन डाय-ऑक्साइड बांधून चार कार्बनी आम्ल बनवते. शिरांभोवतीच्या पेशींत हा वायू पुन्हा मोकळा होऊन त्यापासून शर्करा तयार होते. हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये मांडलेला हा मार्ग कडक उन्हातही कार्यक्षम राहतो. श्वसन रात्रंदिवस चालते. त्यात शर्करा खर्ची पडून ऊर्जा मिळते. तोडणीत वाढे (शेंड्याची हिरवी पाने) छाटले की प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र चालूच राहते. इन्व्हर्टेज विकर सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करते. या दोन्हींमुळे उसाचे वजन व साखर उतारा घटतो. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळतात.