सॉफ्टवेअर-परवाना पडताळणी

सॉफ्टवेअरची प्रत विकतची आहे की चोरटी, हे त्या सॉफ्टवेअरनेच तपासण्याची व्यवस्था. धाराशिव, कळंब, उमरग्यासारख्या गावांतल्या डीटीपी सेंटरांना ती ‘लॉक’ म्हणून परिचित आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ अशा लॉकसह, म्हणजे डोंगलसह मिळे. बोटाएवढे हे उपकरण यूएसबीला लावतात. त्याआधीच्या काळात डोंगल प्रिंटरच्या पोर्टला लावत.

लॉकच्या चिपमध्ये गुप्त किल्ली असते. सॉफ्टवेअर चिपला एक संख्या पाठवते, चिप त्या किल्लीने गणित करून उत्तर देते आणि उत्तर जुळले तरच काम पुढे सरकते. यात इंटरनेट लागत नाही, हा तालुक्याच्या गावी मोठाच फायदा. क्रॅक करणारे बहुधा चिपच्या वाटेला जात नाहीत. उत्तर जुळवून पाहणारी सूचनाच ते सॉफ्टवेअरमधून काढून टाकतात. म्हणून एकाच ठिकाणी केलेली तपासणी कुचकामी ठरते. ऑनलाइन पद्धतीत संगणकाची ओळख कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि त्याच संगणकापुरता, डिजिटल सही केलेला परवाना परत येतो.

मराठी अक्षरांना मात्र लॉकचा फारसा आधार मिळाला नाही. फॉन्ट साध्या टीटीएफ फाइलीत असत आणि त्या सहज कॉपी होत. युनिकोड ही सामायिक संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या फॉन्टांची सांकेतिक रचना कंपनीगणिक वेगळी होती. लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्या सेंटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर ‘॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥’च्या जागी रोमन अक्षरे व चिन्हांची खिचडी दिसे. साहजिकच फाइलीसोबत फॉन्टही जाई. ही कॉपी बरीचशी कामाच्या अडचणीतून होई. तरी अक्षर घडवणाऱ्याचा मोबदला बुडे तो बुडेच, आणि ही हानी उपेक्षितच राहिली.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हक्कभंगाच्या हेतूने लॉक तोडणे २०१२च्या दुरुस्तीने (कलम ६५अ) गुन्हा ठरले. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षेसाठी जादा प्रत काढता येते.

युनिकोडमुळे मजकूर फॉन्टच्या बंधनातून सुटला. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ खुल्या परवान्यावर मिळतो. जुन्या फाइलींसाठी मात्र मूळ फॉन्ट किंवा रूपांतरक अजूनही लागतो.