स्वमग्नता व पालक

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील भिन्नतेमुळे उद्‌भवणारी अवस्था असून ती आयुष्यभर टिकते. इतरांशी संबंध जोडण्यात व संप्रेषणात येणाऱ्या अडचणी, त्याच त्या कृतींची पुनरावृत्ती आणि नित्यक्रमातील बदल सहन न होणे, ही तिची प्रमुख लक्षणे होत. बहुधा मूल दोन-तीन वर्षांचे होईतो ती घरच्यांच्या ध्यानात येतात. तिच्या निदानाचा इतिहास पालकांना वगळून सांगता येत नाही.

बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसचिकित्सक लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला ‘डॉनल्ड टी.’ हा मिसिसिपी राज्यातील मुलगा. मुलाला दाखविण्यापूर्वी त्याच्या वडिलांनी १९३८ मध्ये तेहेतीस टंकलिखित पृष्ठांचे पत्र कॅनर यांना धाडले होते. मूल वर्षाचे असताना अनेक सूर अचूक गुणगुणे. दोन वर्षांच्या आतच गावातील कितीतरी घरांची नावे त्याला पाठ होती. मात्र आईसोबत जाण्यासाठी ते सहसा रडत नसे व वडील घरी आल्याचे त्याच्या खिजगणतीतही नसे, असे तपशील त्यात होते. हवापालट म्हणून या मुलाला १९३७ मध्ये एका संस्थेत ठेवण्यात आले होते. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी त्याला घरी आणले. कॅनर यांच्या निबंधातील डॉनल्डचे पूर्ववृत्त मुख्यत्वे या पत्रावरच उभे आहे.

तथापि हीच काटेकोर नोंद पुढे पालकांच्या विरोधात गेली. त्याच निबंधात कॅनर यांनी ही अवस्था जन्मजात असल्याचे सुचविले, पण पालकांच्या तपशीलवार दैनंदिन्या त्यांना पालकांच्याच कल्पनाग्रस्ततेचा पुरावा वाटल्या. मुलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या आईवडिलांना मायेची माणसे न मानणे, हा मोठाच अन्याय होता. १९४९ मध्ये त्यांनी पालकांच्या भावनिक थंडपणाला शीतकपाटाची उपमा दिली आणि ‘शीतकपाट माता’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) यांनी १९६७ मध्ये ‘रिता किल्ला’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ लिहून या मताला लोकप्रियता मिळवून दिली. बेटलहाइम १९३८-३९ मध्ये नाझी छळछावण्यांत बंदिवान होते. तेथील कैद्यांच्या मनोवस्थेशी त्यांनी या मुलांच्या अवस्थेची तुलना केली. म्हणजे घर ही जणू छळछावणीच ठरली. निदान ऐकून आधीच खचलेल्या मातेला त्यासोबत हा आरोपही घरी न्यावा लागे.

प्रतिवाद आला तो एका पालकाकडूनच. अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड (१९२८–२००६) हे स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्ये उपलब्ध संशोधनाची छाननी करून स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे मांडले. या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांचीच होती. पुढील वर्षी अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये असे कार्य १९६२ मध्येच सुरू झाले होते. तेथील प्रवर्तकांत मानसचिकित्सक लॉर्ना विंग (१९२८–२०१४) या स्वमग्न मुलीच्या आई होत्या. सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये एकवीस जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा एकबीज जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. दहा द्विबीज जोड्यांत मात्र एकही तशी नव्हती. आनुवंशिकतेचा वाटा त्यातून स्पष्ट झाला.

तरीही ‘आमचे काय चुकले?’ हा प्रश्न पालकांचा पिच्छा सोडत नाही. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील एका लेखाने गोवर-गालगुंड-रुबेला लशीकडे बोट दाखविले. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. पण मधल्या काळात लस टोचून घेतल्याबद्दल अनेक पालकांनी स्वतःलाच बोल लावला.

भारतातही पालकच पुढे आले. मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईच्या पुढाकाराने १९९१ मध्ये दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू झाली. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. न्यासाच्या अधिनियमाने स्थानिक समितीमार्फत प्रौढ स्वमग्न व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद केली. निदान झाल्या दिवसापासून आईवडिलांच्या मनात घर करून असलेली ‘आमच्यामागे याचे कोण?’ ही चिंता त्यामुळे प्रथमच कायद्याच्या कक्षेत आली.